१९१९ : युद्ध संपलं, सैनिक घरी आले आणि हिशेब मागायला लागले

मिशिगनकाठ (धागाकर्ता)

शिकागोत राहायला आलो त्याला आता बारा वर्षं होतील. तळ्याकाठच्या सायकलवाटेवर एकोणतिसाव्या रस्त्याजवळ एक मोठा दगड आहे आणि त्यावर एक छोटी पाटी. कित्येक वर्षं मी तिच्यावरून नुसता पुढे जात होतो. मागच्या उन्हाळ्यात मुलगी पाणी प्यायला थांबली आणि तिने ती पाटी मोठ्याने वाचली. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथे लिहितोय.

२७ जुलै १९१९, रविवार. भयंकर उकाडा होता. यूजीन विल्यम्स नावाचा १७ वर्षांचा काळा मुलगा मित्रांबरोबर लाकडी तराफा घेऊन पाण्यात उतरला. किनाऱ्याचा एक भाग गोऱ्यांचा आणि एक काळ्यांचा, असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, तशी वहिवाट होती. तराफा वाहत वाहत पलीकडे गेला. काठावरच्या एका गोऱ्या माणसाने दगड मारायला सुरुवात केली आणि यूजीन बुडाला. लोकांनी दगड मारणारा दाखवून दिला, पण तिथल्या पोलिसाने त्याला अटक करायला नकार दिला. पुढचा आठवडाभर शहर पेटलेलं होतं. ३८ माणसं गेली, त्यात २३ काळी आणि १५ गोरी. ५३७ जखमी झाले. हजारभर काळी कुटुंबं बेघर झाली.

मला सगळ्यात जास्त खटकली ती तारीख. महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं होतं. म्हणजे विजयाची मिरवणूक होऊन नऊ महिनेसुद्धा झालेले नव्हते. पहिल्या महायुद्धानंतरची अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जॅझ, मोटारी आणि चोरटी दारू येते. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं आपण गाळूनच टाकतो. ती वर्षं मला या देशाच्या इतिहासातली सगळ्यात घुसमटलेली वर्षं वाटतात.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिका युद्धात उतरली ती एप्रिल १९१७ मध्ये. जून १९१७ मध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला आणि मे १९१८ मध्ये राजद्रोहाचा. दुसऱ्या कायद्यामुळे सरकार, सैन्य किंवा झेंड्याबद्दल अपमानकारक बोलणंसुद्धा गुन्हा ठरलं. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी जून १९१८ मध्ये ओहायोतल्या कँटन गावी युद्धाविरुद्ध भाषण केलं, त्याबद्दल त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली मार्च १९१९ मध्ये, तोफा थंडावून चार महिने झाल्यावर. युद्ध संपलं तरी युद्धासाठी बांधलेली यंत्रणा कुणी मोडली नाही.

आणि दुसरीकडे माणसं घरी परतत होती. चाळीस लाखांच्या आसपास लोक गणवेशात होते. सुटका होताना हातात ६० डॉलर मिळाले. युद्धसामग्रीची कंत्राटं धडाधड रद्द झाली होती. १९१४ च्या तुलनेत १९२० पर्यंत जगण्याचा खर्च जवळपास दुप्पट झाला. युद्धाच्या काळात कामगारांनी संप आवरते घ्यावेत आणि त्याबदल्यात सरकारी मंडळाने संघटनेचा हक्क सांभाळावा, असा एक समझोता होता. १९१९ मध्ये ते मंडळच गुंडाळलं गेलं. त्या एका वर्षात चाळीस लाख कामगार कुठल्या ना कुठल्या संपात उतरले.

सिएटलचा संप मला फार भावतो. ६ फेब्रुवारी १९१९ ला सकाळी दहा वाजल्यापासून ६५,००० माणसांचं काम थांबलेलं होतं. त्यातले जहाजबांधणीचे ३५,००० कामगार आधीपासूनच बाहेर होते आणि बाकीच्या संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. संपवाल्यांनी लहान मुलांसाठी दुधाची केंद्रं चालवली, सार्वजनिक स्वयंपाकघरं काढली, दवाखान्यांतल्या कपड्यांची धुलाई सुरू ठेवली. युद्धावरून आलेल्या माजी सैनिकांनी हातात शस्त्र न घेता रस्त्यांवर गस्त घातली. पाच दिवसांत कुणाला खरचटलंही नाही. तरी महापौर ओल हॅन्सन यांनी बोल्शेविक क्रांती आपण मोडून काढली असं जाहीर केलं आणि पुढे देशभर त्याच विषयावर व्याख्यानं देत फिरले.

सप्टेंबरमध्ये बॉस्टनचे पोलीस संपावर गेले, त्याच महिन्यात साडेतीन लाख पोलाद कामगार. पोलाद कारखान्यांत बारा-बारा तासांची पाळी होती. कामगारांत पोलंड, हंगेरी, इटलीकडचे लोक पुष्कळ, त्यामुळे मालकांच्या बाजूच्या वर्तमानपत्रांना 'हा परकीयांचा कट आहे' एवढं म्हणणं पुरेसं होतं. जानेवारी १९२० मध्ये तो संप काहीही न मिळता संपला.

काळ्या सैनिकांबद्दल खाली प्रतिसादांत सविस्तर लिहीन. इतकंच सांगतो की न्यूयॉर्कची ३६९ वी पायदळ पलटण १९१ दिवस आघाडीवर होती, आणि तीही फ्रेंचांच्या हाताखाली. फ्रान्सने तिला शौर्यपदक दिलं. १७ फेब्रुवारी १९१९ ला फिफ्थ अव्हेन्यूवरून ती पलटण हार्लेमपर्यंत संचलन करत गेली, तेव्हा दोन्ही बाजूंना लाखो लोक उभे होते. त्याच वर्षी जुलै ते सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टन, शिकागो, ओमाहा अशा कितीतरी ठिकाणी काळ्यांवर हल्ले झाले.

ज्यांना या काळाबद्दल माहिती आहे त्यांनी भर घालावी. चुकत असेन तर सांगावं.

---

पारावरून

सुरेख धागा. वाचतोय. दंगलींमागे नोकऱ्यांचं कारण किती होतं?

---

मिशिगनकाठ

@पारावरून, नोकऱ्या आणि घरं, दोन्ही. युद्धामुळे युरोपातून येणारे कामगार थांबले आणि उत्तरेच्या कारखान्यांना माणसं कमी पडली. १९१६ पासून तीन-चार वर्षांत पाच लाखांच्या आसपास काळे लोक दक्षिणेतून उत्तरेकडे आले. शिकागोतल्या कत्तलखान्यांत त्यांना काम मिळालं, पण राहायला दक्षिण भागातली एक चिंचोळी पट्टीच. सैनिक परतल्यावर त्याच नोकऱ्यांवर आणि त्याच घरांवर दोन्हीकडून डोळा होता. दंगलीच्या आधीच्या दोन वर्षांत काळ्यांनी घेतलेल्या घरांवर बाँब टाकण्याचे प्रकार इथे वारंवार झाले होते. म्हणजे त्या रविवारच्या दगडाच्या आधी बरंच काही साचलेलं होतं.

---

सांजवारा

लेख आवडला, पण एका बाबतीत किंचित असहमत. तुमच्या मांडणीतून असं वाटतं की 'लाल भीती', म्हणजे कम्युनिस्ट क्रांतीची धास्ती, सगळी सरकारने आणि मालकांनी उभी केली. बाँब खरे होते. एप्रिल १९१९ मध्ये बड्या लोकांच्या नावाने तीसहून अधिक पार्सलं टपालात पडली होती. त्यातली बरीचशी पुरेशी तिकिटं नाहीत म्हणून न्यूयॉर्कच्या टपाल कार्यालयात अडकली, म्हणून माणसं वाचली. एक पार्सल जॉर्जियातल्या एका माजी सिनेटरच्या घरी पोचलं आणि ते उघडणाऱ्या मोलकरणीचे हात गेले. २ जूनच्या रात्री महान्यायवादी मिचेल पामर यांच्या घराच्या दारातच स्फोट झाला. समोरच्या घरात फ्रँकलिन रूझवेल्ट राहत होते. सप्टेंबर १९२० मध्ये वॉल स्ट्रीटवर घोडागाडीत ठेवलेल्या बाँबने ३८ माणसं गेली. त्यात निरोपे होते, टंकलेखक मुली होत्या, कारकून होते. रशियात नुकतीच क्रांती झालेली. अशा वेळी कुठल्याही सरकारने हात बांधून बसावं अशी अपेक्षा करणं मला बरोबर वाटत नाही.

---

मिशिगनकाठ

@सांजवारा, ही भर आवश्यक होती, आभार. त्या मोलकरणीचा उल्लेख मूळ लेखात यायला हवा होता. बाँब पाठवणारे भांडवलशाहीवर रागावले होते आणि हात गेले ते घरकाम करणाऱ्या बाईचे.

माझा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. बाँब टाकणारा एक लहानसा गट होता. धाडी पडल्या त्या भलत्यांवरच. पामर यांनी न्याय खात्यात एक नवा विभाग काढला आणि तो २४ वर्षांच्या जे. एडगर हूवर यांच्याकडे दिला. ७ नोव्हेंबर १९१९ ला पहिल्या मोठ्या धाडी पडल्या. २१ डिसेंबरला ब्युफर्ड नावाच्या जहाजातून अराजकतावादी एमा गोल्डमन यांच्यासह २४९ जणांना रशियाकडे रवाना केलं. २ जानेवारी १९२० च्या रात्री तीसहून अधिक गावांत एकदम छापे घालून हजारो लोक उचलले. कुणी रात्रीच्या वर्गाला बसलं होतं, कुणी क्लबात नाच बघायला आलं होतं. पुष्कळांविरुद्ध वॉरंटच नव्हतं. डेट्रॉइटमध्ये शेकडो माणसं सरकारी इमारतीच्या एका खिडकी नसलेल्या बोळात कित्येक दिवस कोंडून ठेवली होती.

आणि इतकं करूनसुद्धा बाँब टाकणाऱ्यांवर खटला उभा राहिला नाही. वॉल स्ट्रीटचा गुन्हा आजही उलगडलेला नाही.

---

जुना_वाचक

या चर्चेत सहायक कामगारमंत्री लुई पोस्ट यांचं नाव यायलाच हवं. हद्दपारीचा हुकूम न्याय खात्याचा नसे, तो कामगार खात्याने काढायचा. १९२० च्या वसंतात कामगारमंत्री रजेवर आणि ही फाइल आली सत्तरी ओलांडलेल्या पोस्ट यांच्या टेबलावर. त्यांनी एकेक प्रकरण स्वतः वाचलं. पुरावा काय, तर सभासदांच्या यादीत नाव, आणि तेही पुष्कळदा त्या माणसाला न विचारता घातलेलं. त्यांनी दीड हजारांवर हुकूम रद्द केले. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, त्यांच्यावर महाभियोगाची भाषा झाली. समितीपुढे त्यांनी स्वतः जाऊन इतकं स्वच्छ उत्तर दिलं की प्रकरण तिथेच थांबलं. पामर यांनी १ मे १९२० ला उठाव होणार असं भाकीत केलं होतं. शहराशहरांत पोलीस बंदोबस्त लागला. काहीही झालं नाही. तिथून पामर यांची उतरण सुरू झाली.

दुसरं म्हणजे, वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी राज्य करायला जागेवर कोण होतं, हा प्रश्न विचारला पाहिजे. अध्यक्ष विल्सन राष्ट्रसंघाचा करार लोकांच्या गळी उतरवायला ३ सप्टेंबर १९१९ ला आगगाडीने निघाले. आठ हजार मैलांचा दौरा. २५ सप्टेंबरला कोलोरॅडोतल्या प्वेब्लोमध्ये भाषण केलं आणि त्यानंतर कोसळले. २ ऑक्टोबरला पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. पत्नी ईडिथ आणि डॉक्टर ग्रेसन ठरवत होते कुठला कागद त्यांच्यापर्यंत जायचा. मंत्रिमंडळाची बैठक अध्यक्षांनी त्यानंतर घेतली ती थेट एप्रिल १९२० मध्ये. धाडी, ब्युफर्ड जहाज, पोलादाचा आणि कोळशाचा संप, सिनेटने करार फेटाळणं, हे सगळं त्या सहा-सात महिन्यांत घडलं. पामर यांना लगाम घालणारा माणूस बिछान्यावर होता, हे माझ्या मते त्या काळाचं मोठं कारण आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

---

रानजाई

@जुना_वाचक, विल्सन यांच्याबद्दल आपल्याकडे त्या वेळी केवढी आशा होती! स्वयंनिर्णयाचं तत्त्व ऐकून लोकमान्य टिळकांनी पॅरिसच्या शांतता परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना भारताची बाजू मांडणारं पत्र पाठवलं होतं. आपल्याकडच्या राष्ट्रीय काँग्रेसने त्यांना प्रतिनिधी नेमलं, पण इंग्रज सरकारने पॅरिसला जायची परवानगी दिली नाही. तिथे भारतातर्फे बसले बिकानेरचे महाराज आणि सत्येंद्र सिन्हा.

---

जुना_वाचक

बरोबर. आणि गंमत नव्हे, दुःख हे की ज्या माणसाकडे जग न्यायाच्या आशेने बघत होतं त्याच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांना वेगळं बसवण्यात आलं होतं. जपानने पॅरिसमध्ये वंशसमानतेचं कलम मांडलं. बहुमत मिळालं तरी एकमत नाही या कारणावरून अध्यक्षस्थानावरून ते नाकारलं विल्सन यांनीच.

सिनेटमध्ये करारावर शेवटचं मतदान झालं १९ मार्च १९२० ला. ४९ विरुद्ध ३५, दोन-तृतीयांशाला सात मतं कमी. विरोधी पक्षाचे सिनेटर लॉज यांच्या दुरुस्त्यांसह करार मान्य करू नका असा आपल्याच पक्षाला विल्सन यांचा निरोप होता, म्हणून तो पडला. मला त्यांचा हट्ट आजही समजत नाही. निम्मं तरी पदरात पडलं असतं.

---

ओवी

बायकांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मताधिकार युद्धामुळे जवळ आला हे खरं. सप्टेंबर १९१८ मध्ये विल्सन स्वतः सिनेटपुढे गेले आणि बायकांनी युद्धात दिलेली साथ बघून तरी हा हक्क द्या असं म्हणाले. तरीही त्या वेळी ठराव पडलाच. पुढे तो राज्यांच्या मंजुरीसाठी गेला आणि शेवटी १८ ऑगस्ट १९२० ला टेनेसीच्या विधानसभेत एका मतावर पार पडला. ते मत होतं २४ वर्षांच्या हॅरी बर्न यांचं. कोटाला विरोधकांचं लाल गुलाब आणि खिशात आईचं पत्र. आईने लिहिलं होतं, बाजूने मत दे. त्याने दिलं.

पण त्याच बायकांच्या नोकऱ्यांचं काय झालं? क्लीव्हलँडमध्ये पुरुष सैन्यात गेल्यावर ट्रामवर बायका कंडक्टर घेतल्या होत्या. युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता तेव्हा तिथल्या पुरुष कामगारांनी त्यांना काढा म्हणून संप केला. संपकऱ्यांबद्दल वर सगळे आत्मीयतेने लिहितायत, मलाही आत्मीयता आहे, पण हा संपसुद्धा त्याच लाटेतला आहे. आणि दक्षिणेतल्या काळ्या बायकांना १९२० च्या दुरुस्तीनंतरही मतदान करू दिलं नाही. त्यांना १९६५ पर्यंत थांबावं लागलं.

---

मिशिगनकाठ

@ओवी, क्लीव्हलँडचं मला माहीत नव्हतं. वाचून वाईट वाटलं. आभार.

---

पांढरं_सोनं

मी यवतमाळकडचा, घरची शेती. इतिहासाचं वाचन बेताचंच. पण १९१९ म्हटलं की मला कापूस आठवतो, कारण महायुद्धात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मग कसा आपटला, हे आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं आहे. अमेरिकेत कापूस पिकवणाऱ्यांचं काय झालं? तिथेही बटाईनेच शेती होती ना?

---

मिशिगनकाठ

@पांढरं_सोनं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे या सगळ्या काळातली सर्वांत भीषण घटना आहे. जरा सविस्तर लिहितो.

१९१९ मध्ये कापसाचा भाव पौंडाला ३५ सेंटच्या घरात होता. दुसऱ्या वर्षी निम्म्याहून खाली आला. भाव चढलेला होता त्या वर्षी आर्कान्सातल्या फिलिप्स परगण्यातले काळे बटाईदार मालकाकडे एकच गोष्ट मागत होते : आमच्या कापसाचा लेखी हिशेब द्या.

पद्धत अशी. बियाणं, खेचर, पीठमीठ सगळं मालकाच्या दुकानातून उधारीवर. कापूस वेचला की मालकच उचलणार, तोच विकणार आणि काय भावाने विकला ते तोच सांगणार. चोपडी त्याच्याकडे. वर्षअखेरीस 'तुझ्याकडेच बाकी निघतेय' हे ठरलेलं. बटाईदारांनी एक संघटना काढली, लिटल रॉकच्या वकिलाला फी द्यायला पैसे गोळा केले. ३० सप्टेंबर १९१९ च्या रात्री हूप स्पर नावाच्या ठिकाणी चर्चमध्ये सभा भरली होती. बायकामुलंसुद्धा होती. बाहेर गाडी येऊन थांबली, गोळीबार झाला, एक गोरा माणूस मेला. आधी गोळी कुणी झाडली यावर तेव्हापासून वाद आहे.

दुसऱ्या दिवशी 'निग्रोंचा उठाव' अशी हाकाटी उठली. शेजारच्या परगण्यांतून, मिसिसिपी नदीपलीकडून शेकडो हत्यारबंद गोरे आले. गव्हर्नर चार्ल्स ब्रफ पाचशे सैनिक घेऊन आले. हे सैन्य युद्धासाठी उभं केलेलं. कापसाच्या शेतांतून, वेळूच्या बेटांतून माणसं हुडकून मारली. पाच गोरे मेले. काळे किती मेले याचा आकडा शंभरापासून दोनशेच्याही वर सांगतात, कुणी मोजलेच नाहीत. चार जॉन्स्टन भाऊ शिकारीहून परतत होते, त्यांचा सभेशी संबंधही नव्हता. चौघांना मारलं. त्यांच्यातला लिरॉय त्याच ३६९ व्या पलटणीत होता, फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन घरी आलेला.

गोऱ्यांपैकी एकावरही खटला झाला नाही. शंभरावर काळ्यांवर आरोप ठेवले आणि बारा जणांना फाशी सुनावली. कोर्टाबाहेर जमाव उभा होता. पंचांना निकाल द्यायला काही मिनिटं लागली. पत्रकार आयडा वेल्स शिकागोहून गेल्या आणि कैद्यांच्या नातेवाईक बायकांच्या घोळक्यातून तुरुंगात शिरून त्यांनी त्या बाराजणांशी बोलून घेतलं. कुणाचा किती कापूस होता, घरात काय काय सामान होतं, काय लुटलं गेलं, हे सगळं त्यांनी लिहून काढलं.

---

पांढरं_सोनं

वाचून सुन्न झालो. चोपडी त्याच्याकडे, हे वाक्य आमच्याकडेही चालतं. लेखी हिशेब मागितला म्हणून माणसं मारली. त्या बाराजणांना फाशी दिली का?

---

कलम२१

@पांढरं_सोनं, नाही. वकिलीत असल्यामुळे हा भाग मला ठाऊक आहे. लिटल रॉकचे काळे वकील सिपिओ जोन्स यांनी वर्षानुवर्षं हा लढा चिवटपणे चालवला. अखेर मूर विरुद्ध डेम्प्सी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की जमावाच्या धाकाखाली चालवलेला खटला हा खटलाच नव्हे आणि संघराज्याच्या न्यायालयाने त्यात लक्ष घातलं पाहिजे. १९२५ च्या सुरुवातीपर्यंत ते बाराही जण सुटले. राज्यांच्या फौजदारी खटल्यांवर संघराज्याची नजर असण्याची सुरुवात तिथून होते.

आता त्या निकालाची तारीख बघा. १९ फेब्रुवारी १९२३. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने आणखी एक निकाल दिला आणि तो आपल्या लोकांशी थेट संबंधित आहे : अमेरिका विरुद्ध भगतसिंग थिंद.

थिंद पंजाबातून आलेले, ओरेगॉनमध्ये लाकडाच्या गिरणीत काम केलेले. जुलै १९१८ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाले, पगडीसह. डिसेंबर १९१८ मध्ये गणवेशात असतानाच नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांनी काढून घेतलं. १९२० मध्ये ओरेगॉनच्या न्यायालयाने पुन्हा दिलं. सरकार वर गेलं. कायद्यानुसार नागरिकत्व मिळे 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. तीनच महिने आधी एका जपानी माणसाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन. थिंद म्हणाले, वंशशास्त्रज्ञांच्या मते मी कॉकेशियन आहे. मग न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकमताचा निकाल लिहिला : शास्त्र बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा.

एकाच दिवशी बटाईदारांना न्याय मिळाला आणि सैनिकाला नाही.

---

रानजाई

@कलम२१, त्या खटल्यातली एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कितीही जड वाटली तरी. थिंद यांच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्यात असं होतं की उच्चवर्णीय हिंदू हा शुद्ध आर्य आहे, जातीबाहेर लग्न करत नाही आणि भारतातल्या मूळच्या लोकांकडे तो तसाच बघतो जसा अमेरिकन गोरा निग्रोकडे बघतो. म्हणजे नागरिकत्व मिळवण्यासाठी जातीचा दाखला पुढे केला. शीख माणसासाठी! आपण अमेरिकेच्या वंशद्वेषाबद्दल वाचतो तेव्हा स्वतःला नेहमी अन्याय सोसणाऱ्याच्या जागी बघतो. त्या दिवशी त्याच न्यायालयात आर्कान्साच्या बाराजणांचा निकाल लागला आणि तिथेच आपल्या माणसाच्या वकिलांनी सांगितलं होतं की आम्ही त्यांच्यासारखे नाही.

---

कलम२१

@रानजाई, मान्य. मी ते टाळलं होतं, टाळायला नको होतं. कायद्याच्या चौकटीत तेवढीच एक फट होती, असं वकील म्हणून मी समजू शकतो. पण त्या फटीतून जाताना कुणाच्या पाठीवर पाय ठेवला, हे आपण विसरून चालणार नाही.

थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेलिसचे वकील होते. नावाची ठेवण आपल्याकडचीच, त्यामुळे मी पहिल्यांदा वाचताना थबकलो होतो. त्यांना स्वतःला १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालेलं. थिंद निकालानंतर सरकारने हिंदी लोकांचं दिलेलं नागरिकत्व शोधून शोधून रद्द करायला घेतलं, त्यात त्यांच्यावरही दावा लावला. त्यांनी वर्णाचा मुद्दा सोडून दिला. म्हणाले, सरकारने त्या वेळी न्यायालयात हरकत घेतली नाही, अपील केलं नाही. त्या निकालावर विसंबून मी लग्न केलं, घर घेतलं, वकिलीची सनद घेतली. आता तो फिरवता येणार नाही. १९२६ मध्ये ते जिंकले, १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. पुढे बाकीचे दावेही सरकारने सोडून दिले. सॅन फ्रान्सिस्कोतले वैष्णोदास बगाई यांच्यासाठी तोवर उशीर होत आला होता. नागरिकत्व गेलं, दुकान गेलं, पासपोर्ट मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

---

रविवारची_शाळा

हा धागा दोन दिवस वाचतेय. मी नेब्रास्कात राहते, रविवारी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवते, म्हणून १९२३ चाच आणखी एक निकाल सांगते. तो मला रोजच्या कामाला लागतो असं म्हटलं तरी चालेल.

युद्धात जर्मन भाषेवर गदा आली. आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८ मध्ये फर्मान काढलं की शाळेत, आगगाडीत, फोनवर, चर्चमध्येसुद्धा इंग्रजीच बोलायचं. फोनवर जर्मन बोलल्या म्हणून बायकांना दंड झाले. इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिल गावी एप्रिल १९१८ मध्ये रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन खाणकामगाराला जमावाने झाडाला लटकावलं. युद्ध संपल्यावर हे निवळायला हवं होतं, पण नेब्रास्काने १९१९ मध्ये आठवीच्या आतल्या मुलांना इंग्रजीखेरीज दुसरी भाषा शिकवायला बंदी करणारा कायदा केला.

हॅम्प्टन गावाजवळच्या चर्चच्या शाळेत रॉबर्ट मेयर नावाचे मास्तर होते. मे १९२० मध्ये मधल्या सुट्टीत ते दहा वर्षांच्या एका मुलाकडून जर्मन बायबलातली गोष्ट वाचून घेत होते. सरकारी वकील वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मास्तरांना समजलं. इंग्रजीत बोलायला सुरुवात केली असती तर काहीच झालं नसतं. त्यांनी जर्मन वाचन पुढे चालू ठेवलं. २५ डॉलर दंड झाला. तो त्यांनी भरला नाही, आणि ४ जून १९२३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

आमच्या वर्गात 'ळ' म्हणता म्हणता मुलं हसून लोळतात. तेव्हा मला त्या मास्तरांचा वर्ग आठवतो.

---

सांजवारा

@रविवारची_शाळा, अप्रतिम प्रतिसाद. वरचं माझं म्हणणं मी थोडं बदलतो. बाँबबद्दलचं कायम आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या वाचनाचा बाँबशी काय संबंध होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

पारावरून

पहिल्याच लेखातल्या त्या साठ डॉलरांबद्दल विचारायचं होतं. सैनिकांना पुढे काही मिळालं का?

---

मिशिगनकाठ

@पारावरून, १९२४ मध्ये अध्यक्ष कूलिज यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने भरपाईचा कायदा केला. देशात केलेल्या सेवेला दिवसाला एक डॉलर, परदेशी सेवेला सव्वा डॉलर. पण अगदी लहान रकमा सोडल्या तर हातात फक्त प्रमाणपत्र, पैसे मिळणार १९४५ मध्ये. मंदी आली तेव्हा हजारो माजी सैनिक बायकामुलांसह वॉशिंग्टनला येऊन बसले, आत्ताच द्या म्हणून. २८ जुलै १९३२ ला पोलिसांच्या गोळीबारात दोघे गेले, आणि संध्याकाळी जनरल मॅकआर्थर यांनी घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांच्या झोपड्या खाली केल्या. पैसे मिळाले ते १९३६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या शिक्षणाचा आणि घरकर्जाचा कायदा लढाई संपायच्या आधीच, १९४४ मध्ये झाला, तो हे सगळं आठवत असलेल्या लोकांनी केला.

---

पांढरं_सोनं

आणि ते थिंद? त्यांना शेवटी कागद मिळाला की नाही?

---

कलम२१

मिळाला. १९३५ मध्ये काँग्रेसने एक छोटा कायदा केला : वंशामुळे अपात्र ठरलेल्या, पण महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या माणसांना नागरिकत्व द्यावं. भगतसिंग थिंद यांनी १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी दिलेलं कुणी काढून घेतलं नाही. गणवेश उतरवून त्यांना तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती.